राखेला मुंग्या लागल्या त्याची हकीकत

मुक्काम रिद्धपूर,
ज्येष्ठ महिना, तारीख विचारायला माणूस सापडला नाही

तीर्थस्वरूप खुशालदादांस धाकट्या श्यामचा दंडवत. (इथं महानुभावांच्या गावात चहावालासुद्धा आधी दंडवत घालतो, मग चहा देतो, त्यामुळे मलाही सवय लागली. आपल्या घरी मी ‘दादा’ म्हणायचो आणि तुम्ही ‘बोल’ म्हणायचे, तेवढ्यात भागायचं. तेही आता बंद आहे, म्हणून हे पत्र.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? माधवी वहिनींचं बीपी? आणि कूलरची मोटर बदलली का अजून तो बैलगाडीसारखाच कुरकुरून राहिला? अकोल्याचं ऊन पेपरात वाचतो. पेपरात अकोला दिसलं की आधी आकडा पाहतो, मग बातमी. माझ्या तब्येतीचं विचाराल (विचारणार नाही, पण पत्राची रीत आहे) तर मठातच राहणं, दोन्ही टाइम तिथलंच जेवण, अंगाला थोडी खाज, बाकी ठीक. खाज सिमेंटची आहे, पापाची नाही. हे सांगावं लागते, कारण इथं दोन्हीवर उपाय एकच सांगतात.

तुम्ही माझा नंबर बंद केला हे मला उशिरा समजलं. आधी आठवडाभर मी रेंज नाही असंच समजत होतो. तुमच्या डाबकी रोडच्या टॉवरला मी इतक्या शिव्या दिल्या दादा, की टॉवरला कान असते तर तो वाशीमला निघून गेला असता. मग एका पोट्ट्याच्या फोनवरून लावला, तर पहिल्याच रिंगला तुम्ही उचलला. मी ‘दादा’ म्हटलं आणि तिकडून खट्. मग पोस्टात गेलो. पोस्टमास्तर म्हणे, नोकरीचा अर्ज आहे का? मी म्हटलं, नाही, सख्ख्या भावाला पत्र आहे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तार मागितली.

तर मुद्द्यावर येतो. (येतोच. तुम्ही नेहमी म्हणता की मी बडनेऱ्याहून अमरावतीला जायला व्हाया परतवाडा जातो. पण परतवाड्याची रबडी तुम्ही खाल्ली नाही म्हणून असं बोलता.) किशोरनं तुम्हाला सांगितलं की श्यामला कॉलेजातून गूळ चोरून खाताना पकडलं आणि हाकलून दिलं. किशोर आपला चुलतभाऊ, त्याच कॉलेजच्या ऑफिसात बसतो, तेव्हा तो सांगेल ते खरंच असणार असं तुम्ही धरलं. ऑफिसात बसणाऱ्याला लॅबमधलं इतकंच दिसते, जितकं गच्चीवरून विहिरीच्या तळाचं. मला फक्त एवढंच सांगायचं आहे की काय झालं. मला तुमच्याकडून काहीही नको. हे वाक्य वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवा.

गच्चीवर उभ्या ठेवलेल्या सळ्यांचं तुम्हाला आठवत असेलच. मागच्या साली घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी नारळ फुटला, मिस्त्री-मजुरांची पंगत उठली, आणि तुम्ही तोंडात जिलबी असताना सगळ्यांदेखत बोलले, ‘ह्या मांगच्या चार सळया श्यामच्या. एका जागी दिवाई ते दिवाई टिकून दाखव बे, वरतं खोली बांधून देतो. नाई टिकला त कटर लावून कापतो अन् पान्याची टाकी बसवतो.’ पंगत हसली. मिस्त्री तर इतका हसला की त्याला टाकीचंच काम मिळणार हे त्याला तेव्हाच दिसलं असावं. मी हसलो नाही. मी वर जाऊन त्या चार सळ्या पाहून आलो. तोवर माझ्या नावाचं असं काहीच उभं नव्हतं.

म्हणून दिवाळी झाली तसा मी अमरावतीला लागलो. मध्ये वरूडला संत्र्याच्या पेट्या ठोकल्या हे खरं, पण ते नोकरीत धरू नका, ते संत्रं खाण्यासाठी होतं. अमरावतीच्या बाहेर एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. (नाव लिहीत नाही, त्यांच्या ट्रस्टींचे वकील फार.) तिथं सिमेंटच्या लॅबमध्ये मदतनीस. कामाचं नाव मोठं होतं, काम म्हणजे मळणं. दादा, तुम्हाला वाटेल सिमेंट म्हणजे रेती, गिट्टी, घमेलं. तसं नाही. तिथं निरा सिमेंट आणि पाणी. त्याला पेस्ट म्हणतात. लोकांचं अख्खं आयुष्य त्या पेस्टवर जाते, पगारासकट. काट्यावर सिमेंट तोलायचं, काचेच्या नळ्यानं पाणी मोजायचं, चपट्या पात्यानं कणकेसारखं मळायचं, वाटीएवढ्या साच्यात भरायचं आणि वरून एक सुई सोडायची. पेस्ट कोवळी असते तोवर सुई थेट तळाला जाते. मग हळूहळू पेस्टला अंगात ताप चढतो (खरंच चढतो, हात लावला की कळते) आणि ती सुईला अडवायला लागते. शेवटी सुई वर नुसता ओरखडा काढते, आत जात नाही. एकदा ती अडवायला लागली की तिला हलवायचं नाही. पुन्हा पाणी घालून मळली तर मऊ होते, पण मग जन्मभर भुसभुशीतच राहते, नखानं खरवडली तरी पीठ पडते. हे मला पहिल्याच दिवशी पटलं. मला तुम्ही आयटीआयचं पाणी घालून मळलं, मग फार्मसीचं, मग पोलीस भरतीच्या क्लासचं. राग नाही. लॅबमध्ये अशा पेस्टला नाव ठेवत नाहीत, बाहेरच्या ढिगावर नेऊन टाकतात.

माझे साहेब यशोधन सर. अमरावतीच्या वकिलांच्या घरचे, गोरे, बोलायला मऊ, चहा पिताना डोळे मिटणारे. त्यांची पीएच.डी. चालू होती आणि ती पऱ्हाटीच्या राखेवर होती. म्हणजे कापूस वेचून झाला की उरलेली पऱ्हाटी जाळायची, तिची राख थोडी सिमेंटमध्ये घालायची आणि पेस्ट उशिरा घट्ट होते असं दाखवायचं. कारण आपल्याकडे वैशाखात मिस्त्री थापी फिरवतो न फिरवतो तोच माल कडक होऊन जातो. पेस्टनं थोडा दम धरला तर मिस्त्रीला वेळ मिळेल, शेतकऱ्याची पऱ्हाटी विकली जाईल, सरांच्या नावापुढे डॉक्टर लागेल. सगळ्यांचं कल्याण. फक्त राखेचं मन होत नव्हतं. राख घाला, नका घालू, सुई त्याच वेळेला अडायची. मी महिनोन्‌महिने सुई सोडून सांगतो दादा, ती राख काहीच करत नव्हती. (जगात काहीच न करणाऱ्याला एवढा मान मिळालेला मी पहिल्यांदा पाहिला. मी काही केलं नाही की शिव्या मिळतात, राखेनं नाही केलं की तिला पिशवीत घालून कपाटात ठेवायचे.)

फाल्गुनात समिती आली. तिघं होते, त्यातल्या अदिती मॅडम मोठ्या अभ्यासू, बाहेरगावच्या. आमचे विभागप्रमुख हरिहर सर म्हणाले, पाहुण्यांना बाटलीतलं काही देणं हा अमरावतीचा अपमान आहे, ताजा संत्र्याचा रस झाला पाहिजे. वरूडची संत्री आणली. कॅन्टीनचे पाण्याचे जग ट्रस्टींच्या घरच्या साखरपुड्याला गेलेले. मी विचारलं, सर, रस गाळू कशात? ते म्हणाले, ‘अरे, हा काचेचा नळा काय पूजेला ठेवलाय?’ तर पाणी मोजायच्या नळ्यात रस गाळला. पाणी त्या दिवशी नळाला नव्हतं. (अमरावतीत पाणी एक दिवसाआड येते, संशोधन रोज चालते.) तळाला उरलेल्या पाण्यानं मी नळा विसळतच होतो, तेवढ्यात समिती जिन्यात आली आणि हरिहर सरांनी तो माझ्या हातातून ओढून टेबलावर मांडला. यशोधन सरांनी स्वतःच्या हातानं पाणी मोजलं, स्वतःच्या हातानं मळलं. सुई सोडली. तळाला. समितीनं रस प्यायला. सुई तळाला. समोसे झाले, ट्रस्टींचं भाषण झालं, समितीतल्या एकाची डुलकी झाली. सुई तळाला! यशोधन सरांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग देवळातल्या समईसारखा झाला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, ‘पऱ्हाटीच्या राखेची कमाल’. फोटोत राखेची पिशवी आहे, सर आहेत, कोपऱ्यात माझं कोपर आहे. ते कात्रण मी तुम्हाला पाठवलं होतं. तुम्ही वहिनींना म्हणाले म्हणे, ‘टिकलं वाटते पोट्टं.’ किशोरनंच सांगितलं. तो चांगलंही सांगतो कधी कधी, हे मान्य केलं पाहिजे.

त्यानंतर तसं एकदाही झालं नाही. नळा आता धुतलेला होता ना. सर रोज मळायचे, रोज सुई वेळेवर अडायची. सरांना वाटलं ती राख एका खास शेतातली असावी, म्हणून मला अकोल्याकडे पाठवलं, पऱ्हाटी आणायला. हो, मी आलो होतो. तुम्हाला माहीत नाही. ऑटोत पऱ्हाटीचे भारे घेऊन तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो. वर पाहिलं तर माझ्या चार सळ्या उभ्या होत्या. वहिनींनी त्यांच्या टोकांवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातल्या होत्या आणि दोन सळ्यांमध्ये दोरी बांधून तुमचा पायजमा वाळत होता. माझ्या खोलीत तुमचा पायजमा वाळून राहिला, हे पाहून मला इतकं बरं वाटलं की ऑटोवाला म्हणे, ‘काहून भाऊ, डोळ्यात पऱ्हाटीची काळी गेली काय?’ सळ्या मात्र तांबूस व्हायला लागल्या होत्या. आत आलो नाही. दिवाळीनंतर ताठ मानेनं यायचं ठरवलं होतं. (ताठ मानेनं यायचं ठरवलेली माणसं किती वेळा गल्लीच्या तोंडावरून परत जातात, याच्यावर कोणी पीएच.डी. केली पाहिजे.)

परत गेलो आणि सरांची दया आली. रात्रंदिवस राख चाळून माणूस स्वतःच राखेच्या रंगाचा झाला होता. म्हणून मी संत्र्याच्या रसाचं सांगून टाकलं. मला वाटलं उठून मिठी मारतील. ते खिडकीकडे गेले आणि म्हणाले, ‘साखर. साखरेनं सिमेंटचं घट्ट होणं लांबतं हे तर जगाला माहीत आहे, श्याम.’ जगाला माहीत होतं, आम्हा दोघांनाच नव्हतं, आणि पेपरात फोटो आमचाच होता. मग वळले आणि हळूच विचारलं, ‘कोणाला बोललास?’ मी म्हटलं, नाही. ‘मग आपण राखेवर थोडी प्रक्रिया करू.’ प्रक्रिया म्हणजे काय, तर राख गुळाच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची आणि पुन्हा पिशवीत भरायची. संत्र्याचा मोसम संपला होता ना. गूळ मीच आणायचा, भिजवायची मी, नाव ‘प्रक्रिया केलेली राख’. मला नोकरीत कायम करायचं ते पाहतील. मी विचार केला नाही असं नाही. मी सळ्यांचा विचार केला. गूळ एका पारड्यात, चार सळ्या एका पारड्यात. तुम्हीही व्यापाऱ्याला माल देता तेव्हा इमान आणि फायदा कसा तोलता ते मला माहीत आहे, म्हणून मला फार शिकवू नका.

वैशाखात समिती पुन्हा आली. या वेळी रस नव्हता, कोकम होतं. सुई तळाला जात होती, टाळ्यांची तयारी होती, ट्रस्टी खाकरत होते. आणि अदिती मॅडमचं लक्ष खाली गेलं. दारापासून टेबलाच्या पायापर्यंत, पायावरून वर, आणि तिथून थेट राखेच्या पिशवीत मुंग्यांची रांग. अशी शिस्तीची रांग मी भरतीच्या मैदानावरही पाहिली नाही. मॅडम म्हणाल्या, ‘आमच्या घरी मुंग्या झाल्या की राख टाकतात. मुंग्या पळतात. तुमच्या राखेला मुंग्या लागल्यात.’ दादा, एवढी शिकलेली पाच माणसं त्या खोलीत, गूळ, राख, सिमेंट, सुया, सगळ्याचा अभ्यास झालेला, आणि मुंग्यांचा कोणी विचारच केला नव्हता. मीही नाही! आणि आपल्या आईनं तर जन्मभर उंबऱ्यावर राखेची रेघ ओढली.

मॅडमनी पिशवीत बोट घातलं, वास घेतला. तेव्हा यशोधन सरांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आदल्या आठवड्यातच त्यांनी म्हणून ठेवलं होतं, काही बिघडलंच तर तू अंगावर घे, मी नंतर तुला आत घेतो. मी अंगावर घेतलं. म्हटलं, ‘मॅडम, मले गूळ खायची सवय हाये. हात तसेच पिशवीत गेले असतीन.’ हरिहर सर लगेच ओरडले, ‘आन् हा मानूस आमी लॅबमध्ये ठेवला!’ (सहा महिने माझ्याशी पुण्याचं बोलणारे हरिहर सर, त्या दिवशी पहिल्यांदा घरच्यासारखं बोलले.) अदिती मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग पुन्हा मुंग्यांकडे. त्यांना समजलं होतं. पण समजणं आणि बोलणं यात त्यांची नागपूरची गाडी होती. संध्याकाळपर्यंत माझा हिशेब झाला. ऑफिसात किशोरनं माझ्याकडून पास काढून घेतला आणि म्हणाला, ‘गुळासाठी नोकरी घालवली बे?’ माझ्या पाससाठी तो अर्धं जेवण सोडून उठला होता.

सरांनी आत घेतलं नाही. फोन केले, तर त्यांचाही नंबर लागत नाही. या साली माझ्या वाट्याला रेंजच कमी आहे. ते आता चुन्यावर संशोधन करून राहिले असं ऐकलं. चुन्यात गूळ घातला तर चालते, जुन्या काळी घालतच होते. म्हणजे गूळ त्यांनी ठेवला, फक्त मला बदललं.

असो. तुम्हाला हे वाचून वाटेल की श्याम पुन्हा कहाण्या सांगून राहिला. सांगून राहिलो. पण यातली एकही गोष्ट खोटी असती तर मी तिच्यात स्वतःला जरा बरं काम दिलं असतं. मी काही मागत नाही, हे वर लिहिलंच आहे. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला एरंडेल लावा, डॉक्टरचं ऐका, दोन्हीपैकी एक तरी करा.

तुमचा, तुम्ही नाही म्हणेपर्यंत,
धाकटा भाऊ श्याम

ता. क. किशोरला काही बोलू नका. त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. पास परत घेताना त्यानं खिशातून शंभराची नोट काढून माझ्या शर्टात कोंबली, ते मात्र त्यानं तुम्हाला सांगितलं नसेल.

ता. क. २. पत्रासोबत पुडकं आहे, ते दगड समजून फेकू नका. फाल्गुनात समितीसमोर जी पेस्ट घट्टच होईना, ती मी साच्यासकट मागच्या ढिगावर टाकली होती. निघायच्या दिवशी साचा जमा करायला म्हणून उचलला, तर आत ही चकती. हातोडी मारली तर हातोडी उडाली. बाकी सगळ्या वेळेवर घट्ट झालेल्या चकत्या माझ्या हातानं फुटल्या आहेत, ही फुटली नाही. यातून मी काही सुचवून राहिलो नाही. गच्चीचं दार वाऱ्यानं आपटते, त्याला लावायला होईल.

ता. क. ३. आता एक मागतो. खोली नको. भिंतही नको. मृग तोंडावर आहे आणि सळ्या तांबूस झालेल्या मी स्वतः पाहिल्या. वाटीभर सिमेंट घ्या, पाणी थोडं थोडं घाला, कणकेहून जरा सैल ठेवा आणि चारही सळ्यांना वरून खालपर्यंत लेप द्या. लेप देताना बाटल्या काढा, मग पुन्हा घाला. हाताला पिशवी बांधा, नाही तर माझ्यासारखी खाज सुटेल. पायजम्याची दोरी दोन दिवस खाली बांधा. लेपाच्या आत लोखंड गंजत नाही. त्या लॅबमध्ये जे थोडं खरं होतं, त्यातलं हे एक. आणि वाटी आधी धुऊन घ्या दादा. चहाची घेऊ नका. गुळाची तर अजिबात नको.

ता. क. ४. आणि कटर आधीच लागला असेल, तर लेपाचं राहू द्या. तसं मला कळवूही नका. माझा नंबर बंदच राहू द्या, मी रेंज नाही असं समजून घेईन.